भूतानची सहा रात्रींची गाडी-गाइड सेवा : एका निवृत्त वीजवाल्याचा अनुभव

आधी हिशेब सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे. माणसं चार : मी, आमची ही, मेहुणे आणि वहिनी. महिना नोव्हेंबर २०२४. भूतानच्या सीमेवरच्या फुंत्शोलिंग गावातल्या एका लहान एजन्सीकडून सात आसनी गाडी, ड्रायव्हर, परवाना असलेला गाइड, थिंफूत दोन रात्री, पुनाख्यात दोन, पारोत दोन, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण असं एकत्र घेतलं. चौघांचे मिळून १ लाख ८ हजार. शिवाय भूतान सरकारचं शुल्क. भारतीयांना ते माणशी दर रात्री १,२०० रुपये, म्हणजे आमचे २८,८०० झाले. विमान, बागडोगरा ते सीमा ही गाडी आणि दुपारची जेवणं आपापली. एजन्सीचं नाव लिहीत नाही. थिंफूच्या हॉटेलचं प्रकरण पुढं येईल, त्यात त्यांचं म्हणणं वेगळं आणि माझं वेगळं.

मी तेहतीस वर्षं कोयनेच्या पोफळी वीजगृहात काढली, आता चिपळूणला असतो. भूतानला लोक गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, बघायला जातात, आमची ही त्यासाठीच आली होती. मला मात्र नदीच्या पाण्यावर अख्खा देश कसा चालतो ते बघायचं होतं. मेहुणे पतसंस्थेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना कुठंही न्या, ते पैसे मोजतात.

बागडोगऱ्याहून सीमेवरच्या आपल्या बाजूच्या जयगावपर्यंत चार तास लागले. दोन्ही बाजूंना चहाचे मळे, मधेच जंगल, मधेच रेल्वेचं फाटक. या पट्ट्याला डुआर्स म्हणतात. तेव्हा आम्ही नुसते फोटो काढले. दोन दिवसांनी गाइडनं सांगितलं की हा सगळा मुलूख एके काळी भूतानकडं होता. दुआर म्हणजे दार. डोंगरातून मैदानात उतरायची अशी अठरा दारं, अकरा बंगालच्या बाजूची आणि सात आसामच्या. आसामची इंग्रजांनी १८४१ मध्येच घेतली होती, बंगालची १८६४-६५ च्या लढाईत घेतली, सिंचुलाचा तह झाला आणि बदल्यात वर्षाला ५० हजार रुपये द्यायचं ठरलं. पुढं १९१० मध्ये ते १ लाख झाले आणि स्वतंत्र भारतानं १९४९ च्या तहात ५ लाख केले. मेहुणे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढ्या चहामळ्यांचं भाडं काढलंत तरी जास्त होईल हो."

जयगावची कमान ओलांडली की हॉर्न बंद होतात आणि घड्याळ अर्धा तास पुढं करावं लागतं. हे सगळेच लिहितात आणि ते खरंच आहे. परवान्याचं काम एजन्सीच्या माणसानं दीड तासात केलं. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक चालतं. आधार चालत नाही. वहिनींनी आधारकार्ड आणलं होतं, नशीब की पर्सच्या तळाशी मतदार कार्डही सापडलं. एजन्सीनं ही गोष्ट आधी फोनवर बजावून सांगायला हवी होती, सांगितली नाही.

गाडीत बसलो आणि पहिली कुरकुर सुरू झाली. सर्वांत मागच्या आसनाचा खटका मोडका होता. पाठ टेकवली की आसन मागं कलंडायचं. मेहुणे सहा दिवस एका हातानं वरची कडी धरून बसले. बाकी गाडी ठीक, टायर नवे होते, ब्रेक चांगले होते आणि या रस्त्यांवर मला तेवढं पुरे.

ड्रायव्हर पन्नाशीचे, दक्षिणेकडच्या चिरांग भागातले, घरची भाषा नेपाळी. सगळे त्यांना दाजू म्हणत, म्हणजे थोरला भाऊ. आम्हीही दाजूच म्हणू लागलो. गाइड सत्ताविशीतला पोरगा, पूर्वेकडचा, त्राशिगांगचा. कामावर असताना त्यांना राष्ट्रीय पोशाख घालावा लागतो. त्याचा घो गुडघ्यापर्यंत, खाली लांब मोजे, वर कंबरपट्टा आणि पोटावर जो झोळ राहतो त्यात मोबाइल, पाकीट, परमिटांची कागदपत्रं, आमच्या हिच्या गोळ्या सगळं. हिंदी झकास. टीव्ही तिकडं १९९९ ला आला, म्हणजे हा जन्मला त्या सुमाराला, आणि हिंदी मालिकांवरच वाढला. बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ला' लावायचा. "येस ला", "सर, चलिये ला." तो आदरार्थी प्रत्यय आहे. आमच्या कानाला ती चतुर्थीची विभक्ती वाटायची. दुसऱ्या दिवशी वहिनी, "कुणाला?" असं विचारून मोकळ्या झाल्या.

फुंत्शोलिंग ते थिंफू हा रस्ता भारताच्या सीमा रस्ते संघटनेनं बांधला. त्यांच्या तिथल्या प्रकल्पाचं नाव दंतक, १९६१ पासून तिथं आहेत. त्याआधी या देशात मोटारीचा रस्ता नव्हता. नेहरू १९५८ मध्ये पारोला गेले तेही डोंगर ओलांडून, घोड्यावर. पहिली पंचवार्षिक योजनाही १९६१ चीच. म्हणजे आमच्या कोयनेचं पहिल्या टप्प्याचं काम जोरात चालू होतं तेव्हा हे लोक पहिला रस्ता खणत होते.

गेदूला चहाला थांबलो. ढगात बुडालेलं गाव, तीस पावलांपुढचं दिसत नव्हतं. इथं ताला प्रकल्पाची वसाहत होती. १,०२० मेगावॅटचं वीजगृह २००६-०७ मध्ये सुरू झालं, बांधकामाची माणसं गेली, आणि रिकाम्या इमारतींत सरकारनं २००८ मध्ये कॉलेज सुरू केलं. व्यापार शिकवणारं. मी चहाचा कप घेऊन त्या इमारतींकडं बघत राहिलो. अलोऱ्याच्या आमच्या कोयना वसाहतीतली घरं आठवली, दारं-खिडक्या गेलेली, आत रान माजलेलं. असो. गाइड म्हणाला की गेदूजवळ आता बिटकॉइनची यंत्रंही बसवलीत, सरकारी कंपनीच्या भागीदारीत, शंभर मेगावॅटची. वीज स्वस्त आणि थंड हवा फुकटात. मेहुण्यांना बिटकॉइन म्हणजे काय ते समजावता समजावता चुखा आलं.

चुखाचं धरण रस्त्यावरून खाली दिसतं. गाइडनं न विचारता गाडी थांबवली, कारण बुकिंग करताना मी एजन्सीला तशी एक ओळ लिहिली होती आणि ती त्याच्यापर्यंत पोचली होती. हा या सेवेचा मोठा गुण. नाहीतर आपण लिहितो एक आणि ड्रायव्हरला माहीत असतं भलतंच.

धरण चाळीसेक मीटरचं असेल. कोयनेचं १०३ मीटर. ही म्हणाली, "एवढंसं?" तिला सांगितलं ते इथंही सांगतो, कारण हे कळल्याशिवाय भूतानचा पैसा कळत नाही. आपण कोयनेत १०५ टीएमसी पाणी साठवतो. मे महिन्यात संध्याकाळी सातला ग्रिडला गरज पडली की युनिट लावायचं, गरज संपली की बंद करायचं. चुखात साठवण जवळजवळ नाहीच. नदी अडवायची, बोगद्यात वळवायची, डोंगराच्या पोटातून खाली सोडायची. चार युनिटं, मिळून ३३६ मेगावॅट, १९८६ ते ८८ मध्ये सुरू झाली. तेच पाणी पुढं ताला पुन्हा वापरतं, जसं आमचं पोफळीतून सुटलेलं पाणी कोळकेवाडीला अडवून पुन्हा चालवतात. पण नदी जेवढी येईल तेवढीच वीज. पावसाळ्यात सगळी युनिटं भरून चालतात, आणि देशाची गरज भागून उरलेली वीज भारताला विकतात. जानेवारीत नदी आटते, उत्पादन निम्म्याच्याही खूप खाली येतं, नेमके तेव्हाच थिंफूत घरोघर हिटर लागतात. मग भारताकडूनच वीज विकत घ्यायची. पावसाळ्यात विकणारा, हिवाळ्यात घेणारा.

आम्ही गेलो तेव्हा वांगछूचं, म्हणजे चुखाच्या या नदीचं, पाणी हिरवं, नितळ आणि कमी होतं. काठाच्या दगडांवर पावसाळ्यातल्या पाण्याची रेघ दिसत होती, पाण्याच्या चांगली दोन पुरुष वर.

चुखासाठी भारतानं ६० टक्के रक्कम अनुदान दिली आणि ४० टक्के कर्ज, ५ टक्के व्याजानं. मेहुणे म्हणाले, असं कर्ज मला कुणी दिलं असतं तर मीही धरण बांधलं असतं. थांबा म्हटलं, पुनाखा येऊ दे.

थिंफू. इथं तक्रार. ठरलेलं हॉटेल मध्यवस्तीतलं, नावानिशी लिहून दिलेलं. ऐन वेळी "तिथं ग्रुप आलाय" म्हणून शहराबाहेर चढावर दुसरं दिलं. खोली स्वच्छ, खिडकीतून दिसणारा देखावा उत्तम, पण एका खोलीत एकच हिटर आणि तोही चाकाचा, पलंगाच्या एका बाजूचं माणूस भाजायचं आणि दुसऱ्या बाजूचं गारठायचं. रात्री तापमान शून्याच्या आसपास. दुसरा हिटर मागितला तर तीनशे रुपये जादा. एजन्सीचं म्हणणं, हॉटेल त्याच दर्जाचं आहे. माझं म्हणणं, दर्जा तारे मोजून ठरतो की पाय गरम राहतात का यावरून? शेवटी गाइडनं रिसेप्शनवरच्या मुलीशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलून दोन हिटर मिळवले, पैसे न देता. एजन्सीनं परत काहीही दिलं नाही. तुम्ही बुकिंग कराल तेव्हा हॉटेल बदललं तर काय, हे लेखी घ्या.

दुसऱ्या दिवशी संकष्टी. ही उपासाची. गाइडला पहाटेच सांगितलं : मिरची-मीठ चालेल, कांदा-लसूण नाही, भात नाही, बटाटा चालतो. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "चीज चलेगा ला?" यावर आमच्यात दहा मिनिटं चर्चा झाली. चीज उपासाला चालतं की नाही यावर शास्त्र काय सांगतं कुणास ठाऊक. शेवटी दूध चालतं तर चीज चालेल असं ठरलं आणि दुपारी केवा दात्शी आली. केवा म्हणजे बटाटा, दात्शी म्हणजे चीज. आम्हा तिघांना एमा दात्शी, म्हणजे मिरचीची भाजी. इथं मिरची चवीला घालत नाहीत, मिरची हीच भाजी असते. उभी चिरलेली, चीजमध्ये शिजवलेली, वाटीभर. मी कोल्हापुरी जेवलोय, पण हे वेगळं. तिसऱ्या घासाला वहिनींनी हात जोडले. सोबत तांबडा भात. तो मात्र थेट आमच्या घरच्यासारखा, कोकणातल्या जुन्या तांबड्या तांदळासारखा चिकट, गोडसर.

रात्री चंद्राची पंचाईत. कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ मुंबईची. इथं चंद्र त्याच्या आधीच उगवून डोंगरामागं बसलेला. ही शाल पांघरून गच्चीत उभी, गाइड शेजारी उभा, दोघंही पूर्वेच्या काळ्या कड्याकडं बघतायत. त्याची ड्यूटी संध्याकाळी सहाला संपली होती. पाऊण तास उभा राहिला. कड्याची कड आधी उजळली, मग एकदम चंद्र आला. हिनं ताम्हन नव्हतं म्हणून बशीत पाणी घेऊन अर्घ्य दिलं. त्यानंही घोची बाही सारखी करून वाकून नमस्कार केला. या एका गोष्टीसाठी मी एजन्सीला एक तारा जास्त देतो, खरं तर तो त्याचाच आहे.

थिंफूत बाकी जे बघायचं ते बघितलं. मोठा बुद्ध, हातानं वाहतूक चालवणारा पोलीस, टपाल कचेरीत स्वतःच्या फोटोची तिकिटं. वहिनींनी बारा तिकिटं करून घेतली, पैकी दोन पत्रांना लावली. गाड्यांची गर्दी बघून मेहुण्यांनी विचारलं की एवढ्या गाड्या येतात कुठून. भारतातूनच. गुलट्रमची, म्हणजे त्यांच्या चलनाची, किंमत १९७४ पासून आपल्या रुपयाएवढी, एकास एक. त्यामुळे कुणाला परकं चलन वाटत नाही, पण रुपया छापणं काही त्यांच्या हातात नाही. वीज विकून रुपये येतात. गाड्या, सिमेंट, डिझेल, बिस्किटं घेऊन जातात. २०१२ मध्ये रुपये आटले तेव्हा त्यांच्या मध्यवर्ती बँकेनं गाडी आणि घराची कर्जं थांबवायला लावली. हे गाइडनं सांगितलं, त्याच्या काकांची गाडी तेव्हा अडकली होती. मेहुण्यांचा चेहरा उजळला. ठेवी कमी आणि कर्जवाटप जास्त, हे दुखणं त्यांना घरचं. आपल्यासाठी एवढंच : शंभराच्या नोटा जवळ ठेवा, पाचशेची घ्यायला काही जण का-कू करतात. यूपीआय थिंफूत चाललं, पुनाख्याच्या भाजीबाजारात नाही.

दोचुला खिंडीत १०८ स्तूप आहेत. लोक हिमशिखरांसाठी थांबतात. ढग होते, आम्हाला काही दिसलं नाही. स्तूप २००३ च्या डिसेंबरात आसामच्या बंडखोरांना हुसकावताना पडलेल्या सैनिकांच्या आठवणीचे आहेत, हे मात्र गाइडनं सांगितलं नसतं तर कळलं नसतं. शेजारी चौघी मुली रील करत होत्या.

पुनाखा हे या सहलीतलं माझं आवडतं ठिकाण. उंची कमी, ऊन उबदार, भाताची कापणी झालेली. फोछू आणि मोछू, म्हणजे बाप नदी आणि आई नदी, यांच्या संगमावर १६३७-३८ मध्ये बांधलेला झोंग. झोंग म्हणजे अर्धा किल्ला आणि अर्धा मठ, त्यातच आजही जिल्ह्याची कचेरी. तिबेटातून १६१६ मध्ये आलेल्या झाबद्रुंग न्गावांग नामग्यालनं या खोऱ्याखोऱ्यांच्या मुलखाचा एक देश केला. १९०७ मध्ये पहिला राजा इथंच गादीवर बसला. गाइडनं आतल्या लाकडी खांबांपाशी हे सगळं नीट, घाई न करता सांगितलं. पण मी बघत होतो ते बाहेर, नदीकाठी खांबावर बसवलेले भोंगे.

१९९४ च्या ऑक्टोबरात वर उत्तरेला लुग्गे त्शो नावाचं हिमसरोवर फुटलं आणि फोछूनं झोंगचा काही भाग नेला, माणसं मेली. त्यानंतर वर सरोवरांपाशी पाण्याची पातळी मोजायची यंत्रं बसली आणि खाली खोऱ्यात भोंगे. पाणी सुटलं की भोंगा वाजतो, लोक वर चढतात. मी विचारलं, "वाजवून बघता का कधी?" म्हणाला, "सराव होतो ला, शाळेच्या मुलांनाही घेतात."

२२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या सातव्या पायरीपर्यंत पाणी होतं. मी तेव्हा निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, तरी महिनाभर भेटेल तो विचारायचा, "धरणाचं पाणी सोडलं का हो तुम्ही?" ही त्या भोंग्याखाली उभी राहिली आणि मला म्हणाली, "याचा फोटो काढा." काढला.

दुसऱ्या दिवशी खास विनंतीवरून वांगदूच्या खाली पुनात्सांगछू नदीवरच्या वीजप्रकल्पापर्यंत गेलो. हे सहलीच्या यादीत नव्हतं. दाजूंनी डिझेलचे फक्त आठशे रुपये जादा घेतले. या नदीवरचा पहिला प्रकल्प १,२०० मेगावॅटचा, २००८ ला सुरू झालेला. धरणाच्या जागी उजव्या काठाचा डोंगरच २०१३ पासून सरकू लागला, आणि काम तिथं अडकलं. ३,५०० कोटींचा अंदाज ९,३०० कोटींच्या पुढं गेला. रस्त्यावरून दिसतं ते असं : अख्खा उतार पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला, सिमेंटचा लेप दिलेला, जागोजाग गजांची टोकं. इंजिनिअरांनी डोंगराला टाके घातलेत. माझ्यासारख्यानं असा डोंगर बघितला की पोटात खड्डा पडतो. इथं पैसा कसा दिलाय ते मेहुण्यांना सांगितलं : ४० टक्के अनुदान, ६० टक्के कर्ज, व्याज १० टक्के. पुढच्या प्रकल्पांना तर ३० आणि ७०. चुखाच्या जवळजवळ उलट. "मग हप्ते कशातून?" त्यांनी विचारलं. वीज सुरू झाली की. "आणि नाही सुरू झाली तर?" दाजूंनी गाडी वळवली.

दाजूंबद्दल एक सांगायला हवं. परतीच्या वाटेवर मी त्यांना विचारलं की तुमचे नातेवाईक नेपाळात आहेत का. मला वाटलं साधा प्रश्न. दक्षिणेतले नेपाळी भाषक, ल्होत्शाम्पा, तिथं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शेती करत आलेले. १९८५ चा नागरिकत्व कायदा, मग शिरगणती, मग सगळ्यांना घो-किराची (किरा हा बायकांचा पोशाख) सक्ती, आणि १९९० नंतर लाखाच्या वर माणसं देश सोडून नेपाळातल्या छावण्यांत गेली. २००७ नंतर त्यांतल्या बहुतेकांना अमेरिकेनं आणि इतर देशांनी घेतलं. हे मी जाण्याआधी वाचलं होतं. दाजूंनी आरशातून माझ्याकडं बघितलं, म्हणाले, "एक बहिनी ओहायोमा छ, सर," म्हणजे एक बहीण अमेरिकेत ओहायोत आहे, आणि रेडिओचा आवाज थोडा वाढवला. गाइड खिडकीबाहेर बघत होता. मी पुढं विचारलं नाही. तुम्हीही जाल तेव्हा 'सकल राष्ट्रीय आनंदा'वर, म्हणजे देशाची प्रगती लोकांच्या सुखावरून मोजायच्या त्यांच्या धोरणावर, गाइडला हवं तेवढं बोलतं करा, हा विषय मात्र ते स्वतः काढतील तरच.

पारोला एक रात्र हॉटेलात, एक शेतकऱ्याच्या घरी. घर आईचं, तिच्यानंतर थोरल्या मुलीचं होणार. पश्चिम भागात घर-जमीन मुलीकडं जायची रीत आहे. ही आणि वहिनी त्या विषयावर पुढं दोन दिवस बोलत होत्या, आम्ही दोघं ऐकत होतो. संध्याकाळी दगडांचं न्हाण. अंगणात मोठा जाळ, त्यात नदीतले नारळाएवढे गोटे लालभडक तापवलेले. लाकडी लांबट टब, त्याचं एक टोक फळीनं वेगळं केलेलं आणि भिंतीबाहेर काढलेलं. बाहेरून मालकीणबाई चिमट्यानं गोटा उचलते, त्या कप्प्यात सोडते, चर्रर्र करून वाफ उसळते आणि पाणी फळीच्या भोकांतून आपल्या पायापर्यंत गरम होत येतं. पाण्यात दवण्यासारख्या वासाचा पाला. आपल्याला थंड वाटलं की आतून फळी वाजवायची, बाहेरून आणखी एक गोटा. मी चार गोटे घेतले. माणशी हजार रुपये जादा, आणि वसूल. नंतर डोमा आला : विड्याचं पान, चुना, सुपारी. पान बघून जीव सुखावला, पण सुपारी ओली, मुरवलेली, वासाला आंबूस. आम्ही श्रीवर्धनी सुपारीवर वाढलेली माणसं. एक चावली, कान गरम झाले, पुरे म्हटलं.

ताक्त्सांग, म्हणजे तो कड्याला चिकटलेला मठ. उंची ३,१२० मीटर. मठ १६९२ चा, १९९८ मध्ये जळाला, २००५ पर्यंत पुन्हा बांधला. गाइडनं आठला निघू सांगितलं, एजन्सीनं छापील कागदावर साडेनऊ लिहिलं होतं. गाइडचं ऐका. वहिनी अर्ध्या वाटेपर्यंत घोड्यावर, बाकी आम्ही काठी घेऊन. मी वर पोचलो, मेहुणे चहाच्या उपाहारगृहापाशी थांबले आणि तिथं बसून १,२०० रुपयांचा हिशेब करत राहिले. हे शुल्क भारतीयांना २०२२ पासून पडतं, इतर परदेशी पाहुण्यांना रात्रीचे १०० डॉलर. मेहुण्यांचं म्हणणं, हा सरळ जिझिया. उतरताना मी त्यांना वाटेवरचं स्वच्छतागृह दाखवलं. पाणी होतं, साबण होता, कडी लागत होती. आठ लाखांच्या आतली वस्ती, आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी, आणि मुलूख पावणेपाच रत्नागिऱ्या. त्यात साठ टक्के जंगल कायम राखायचं हे राज्यघटनेतच लिहिलेलं, प्रत्यक्षात सत्तरच्या आसपास. झाडं तोडायची नाहीत, कारखाना फार काढायचा नाही, तर मग माणसामागंच पैसे घेणार. मेहुण्यांना पटलं नाही. हॉटेलवाल्यांनाही सगळ्यांना पटलेलं नाही, पारोच्या मालकानंच आम्हाला सांगितलं की पूर्वी भारतीय कुटुंबं दहा दिवस राहायची, आता चार.

शेवटच्या रात्री गाइडला विचारलं, पुढं काय. त्याचा थोरला भाऊ ऑस्ट्रेलियात पर्थला, वृद्धांच्या आश्रमात काम करतो. वर्गातले निम्मे तिकडंच. राजानं २०२३ च्या डिसेंबरात दक्षिणेत गेलेफूला नवं शहर वसवायची घोषणा केली, आई म्हणते तिथं नोकरी निघेल, थांब. "और तुम?" मी विचारलं. "सोचता हूँ ला."

तर तारे. गाडीला तीन, मागच्या आसनामुळे. हॉटेलांना साडेतीन, एजन्सीच्या कारभाराला तीन. दाजूंना पाच आणि गाइडला पाचाच्या वर जागा असती तर तीही दिली असती. त्यालाच मागून घ्या असं मी या लेखात लिहिणार होतो. फेब्रुवारीत त्याचा संदेश आला, विमानतळावरचा फोटो, घो नाही, जाड जाकीट. व्हिसा मिळाला ला. एजन्सीला फोन केला तर म्हणाले आता एक मुलगी गाइड आहे, तीही चांगली आहे. दाजू मात्र तेच आहेत. गाडी ठरवताना त्यांना मागा, आणि मागच्या आसनाचा खटका दुरुस्त झालाय का तेवढं आधी विचारा.